मध्येच उठता न येणारं काम

आमच्या स्कॅन सेंटरचा सर्व्हर डार्करूममध्ये ठेवलेला होता. एक्स-रेच्या फिल्मा हाताने धुवायचे त्या काळातली ती खोली. खिडकी नाही, आत जायला एकामागे एक दोन दारं, भिंती काळ्या रंगाच्या. फिल्मा बंद होऊन सगळं कॉम्प्युटरवर आलं तेव्हा डॉक्टरांनी तिथं एसी बसवला, सर्व्हर ठेवला, एक टेबल ठेवलं आणि टेबलापुढे मला बसवलं.

सुरुवातीला मला ती खोली फार आवडली होती. सोलापूरजवळ कुंभारीला आमचं घर म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतल्या दोन खोल्या. उन्हाळ्यात स्लॅब असा तापायचा की संध्याकाळीसुद्धा भिंतीला पाठ लावता यायची नाही. आणि इथं भर एप्रिलात मी स्वेटर घालून बसायची. आईला हे सांगितलं तेव्हा ती विड्या वळता वळता हसली होती. "सोलापुरात सेटर घालणारी माजी लेक पयलीच आसंल," म्हणाली.

आमचं मूळ गाव वळसंगच्या पलीकडे. वडिलांची मेंढरं होती. मी कॉलेजात असताना वडील गेले, मेंढरं मामाने विकली, आणि आई मला घेऊन कुंभारीला आली. मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि या सेंटरमध्ये लागले. आधी रिपोर्ट टाइप करायची, मग प्रिंटर बिघडला की बघायची, मग नेटवर्क बघायला लागले, आणि बघता बघता सर्व्हर माझ्याकडे आला. कुणी सोपवला असं नाही. दुसऱ्या कुणाला त्याला हात लावायची भीती वाटायची आणि मला वाटत नव्हती, एवढंच. डॉक्टर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमचा सर्व्हर ही बघते. हिच्याशिवाय आमचं पान हलत नाही." हे ऐकून मला आत कुठंतरी गुदगुल्या व्हायच्या. त्या बोलण्यात काय आहे ते कळायला मला काही वर्षं लागली.

हे घडलं ते दोन-तीन वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यात. शनिवारी संध्याकाळी सेंटर बंद व्हायच्या सुमारास सीटी स्कॅनच्या मशीनने शेवटच्या पेशंटचा स्कॅन साठवायला नकार दिला. पडद्यावर लाल अक्षरात आलं, जागा शिल्लक नाही.

डॉक्टर धावत डार्करूममध्ये आले. ते ओरडणारे नव्हते. उलट काळजी वाटली की त्यांचा आवाज आणखी मऊ व्हायचा.

"सोमवारी सकाळपासून पेशंट आहेत गं. आता?"

मी त्यांना सांगितलं. हे मी त्यांना आधीही सांगितलं होतं, पण तेव्हा लाल अक्षरं नव्हती. सर्व्हरच्या डिस्कचे दोन भाग होते. पहिला भाग ज्या माणसाने सर्व्हर बसवून दिला त्याने विनाकारण मोठा करून ठेवला होता, आणि त्यात फारसं काही नव्हतंच. दुसऱ्या भागात पेशंटचे सगळे स्कॅन, आणि तो गच्च भरलेला. म्हणजे डिस्कमध्ये जागा होती, पण ज्याला हवी त्याच्याकडे नव्हती. पहिल्याची जागा काढून दुसऱ्याला द्यायची.

"मग दे की. किती वेळ लागतो?"

"सर, आधी सगळ्याचा बॅकअप पाहिजे. बाहेरच्या डिस्क मी मागितल्या होत्या. आहेत त्यात अलीकडचंच मावलंय, जुनं सगळं फक्त इथंच आहे."

"डिस्क मागवू. पण उद्या रविवार, दुकानं बंद. तू उद्या करून टाक ना. तुला जमतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मला बघायला पाहुणे येणार होते. मोहोळकडचे लोक. मुलगा चिंचोळी एमआयडीसीत कामाला होता. मामाने महिनाभर खटपट करून हा दिवस ठरवला होता. पण डॉक्टरांना हे सांगायला माझी जीभ उचलेना. "मला बघायला येणार आहेत" हे वाक्य काळ्या भिंतींच्या त्या खोलीत, त्या लाल अक्षरांसमोर, मला बोलताच आलं नाही. मी म्हटलं, "सर, उद्या दुपारी घरी थोडं काम आहे."

"मग सकाळी लवकर ये. दुपारपर्यंत होईल ना?"

"होईल," मी म्हटलं.

रविवारी सकाळी सेंटरचं शटर मीच उघडलं. वॉचमनला रविवारी सुट्टी असायची. रिसेप्शनवरच्या ताईंनाही. मी सगळे दिवे बंद ठेवून फक्त डार्करूमचा लावला आणि कामाला बसले.

पहिली पायरी सोपी होती. पहिल्या भागातल्या फाइलींची मांडणी आखडून घ्यायची आणि मग त्या भागाची हद्द मागे ओढायची. याच क्रमाने. हद्द आधी ओढली तर जे हद्दीबाहेर राहील ते कापलं जातं. ते मी नीट केलं, तपासलं, आणि दोन भागांच्या मध्ये रिकामी जागा दिसायला लागली. अवघड होतं ते पुढचं. ही मोकळी जागा दुसऱ्या भागाच्या अलीकडे आली होती. त्याला ती द्यायची तर तो अख्खा भाग, वर्षानुवर्षांच्या स्कॅनसकट, उचलून अलीकडे सरकवायचा. कॉम्प्युटर ते थोडं थोडं करून सरकवतो. आणि ते चालू असताना सगळं धड जुन्या जागी नसतं आणि धड नव्या जागीही नसतं. मध्येच वीज गेली, मध्येच कुणी बटण दाबलं, तर काय उरेल हे कुणीच सांगू शकत नाही. पडद्यावर तशी सूचनाही आली. ही क्रिया थांबवता येणार नाही, सुरू करायची का?

मी 'हो' दाबलं.

पडद्यावर एक पट्टी आली आणि तिच्याखाली उरलेला वेळ. बघून बरं वाटलं. जेवायच्या आधी मी घरी पोचले असते. मी पर्समधून आरसा काढून भुवया बघितल्या. आईने सांगितलं होतं, पाहुण्यांसमोर केस मोकळे नकोत. म्हणून केस विंचरून वेणी घातली. नंतर पडद्याकडे पाहिलं तर उरलेला वेळ वाढला होता.

आधी वाटलं मीच चुकीचं वाचलं. पण तो वाढतच गेला. डिस्क जुनी होती, वाचायला वेळ घेत होती. वेळ कमी व्हायचा, पुन्हा वाढायचा, आणि पट्टी मात्र जागची हलत नव्हती. आतमध्ये डिस्कचा कुरकुर आवाज येत होता, बाहेर रस्त्यावर रविवारचा शुकशुकाट.

मी उठून बाहेर गेले, पुन्हा आत आले. तसं पाहिलं तर त्या खुर्चीत बसून मला काही करायचं नव्हतं. सगळं आपोआप होत होतं. पण सेंटर सोडून जाताही येत नव्हतं. वीज गेली तर यूपीएसवर सर्व्हर जेमतेम थोडा वेळ टिकायचा, आणि तेवढ्यात मागच्या पार्किंगमधला जनरेटर हाताने चालू करायला लागायचा. त्यासाठी कुणीतरी इथं असणं भाग होतं. ते कुणीतरी म्हणजे मी.

मी डॉक्टरांना फोन केला. "सर, अपेक्षेपेक्षा जास्त वेळ लागतोय. मला दुपारी जायचंय. तुम्ही थोडा वेळ येऊन बसाल का?"

"अगं, मला त्यातलं काय कळतं? मी बसलो आणि काही झालं तर? थांब तू जरा. होईल ते."

मग आईचा फोन आला. तिने घर सारवल्यासारखं स्वच्छ केलं होतं, शेजारणीकडून खुर्च्या आणल्या होत्या.

"निगालीस का?"

"न्हाय गं. काम संपलं न्हाय."

"मग ऱ्हाऊ दे की ते. उद्या कर."

"ठेवता येत न्हाय मदीच."

"असं कसलं काम गं, जे ठेवता येत न्हाय? तवा उतरूनसुदा ठेवता येतो."

आईने फोन ठेवला. थोड्या वेळाने मामाचा फोन आला. पाहुणे पोचले होते. मामाच्या मागे बायकांचे आवाज येत होते, कुणीतरी पाणी मागत होतं. मामा दबक्या आवाजात बोलत होता. "मी त्येंना काय सांगू आता? पोरगी न्हाय घरात म्हनून सांगू?" मग फोनवर हात ठेवून तो कुणाशी तरी बोलला. पुन्हा आला तेव्हा म्हणाला, "पावनं म्हनत्यात, आमाला परत सोलापूरवरनंच जायचंय. तितंच बगू म्हनत्यात. आमी येतो."

"मामा, हितं नको!"

पण फोन ठेवला गेला होता.

ते सगळे दोन रिक्षांमधून आले. मामा, आई, मुलगा, मुलाची आई आणि वडील. आईच्या हातात पोह्यांचा स्टीलचा डबा आणि पिशवीत माझी साडी. ती माझ्याकडे न बघता आत आली. मला हाताला धरून पेशंट कपडे बदलतात त्या कोपऱ्यात घेऊन गेली, पडदा ओढला आणि साडी नेसवायला लागली. निऱ्या तिने जोरजोरात ओढून खोचल्या. रागाने की घाईने, कळलं नाही. पडद्यापलीकडून डिस्कचा आवाज ऐकू येतोय का याकडे माझे कान होते.

वेटिंग हॉलमधल्या खुर्च्या लोखंडी, एकाच दांडीला जोडलेल्या. त्यामुळे पाहुण्यांना समोरासमोर बसता येईना. सगळे एका ओळीत रिसेप्शनकडे तोंड करून बसले, नंबर पुकारायची वाट बघत असल्यासारखे. वर भिंतीवर 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' असा मोठा बोर्ड. पोह्यांना बश्या नव्हत्या, म्हणून पाण्याच्या कागदी ग्लासांतून पोहे दिले. मी काउंटरच्या पलीकडे उभी राहिले, कारण बसायला तिथं स्टूलच होतं, आणि डार्करूमचं दार तिथून दिसत होतं. दोन्ही दारं मी उघडी ठेवली होती. एसीची थंड हवा बाहेर येत होती.

मुलाच्या वडिलांनी विचारलं, "बाळ, नेमकं काय चाललंय आत? मामा म्हनले, मशीन सोडून येता येत न्हाय."

त्यांच्या हातात काठी होती आणि डोक्याला पटका. त्यांच्याकडेही मेंढरं होती हे मामाने सांगितलं होतं. मी म्हटलं, "तुमी रानात मेंढरं बसवता तवा वागर लावता ना भोवतीनं? समजा वागर एका अंगाला सरकवायची हाय आन मेंढरं आतच हायत. मग आदी मेंढरं हळूहळू तिकडच्या अंगाला न्यायची, मग जाळी उचलायची. मदीच सोडून गेलं तर?"

"पांगत्यात की समदी," ते चटकन म्हणाले. "रातीतनं लांडगं नेत्यात." आणि त्यांनी मान हलवली. त्यांचं समाधान झालं होतं.

मुलाच्या आईचं झालं नव्हतं. तिने ग्लास खुर्चीखाली ठेवला. "ते समदं खरं. पन आज आयतवार. लगीन झाल्यावर बी आयतवारी हितंच बसनार का?"

मी काही बोलायच्या आत बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला आणि डॉक्टर आत आले. बहुधा माझ्या फोनमुळे त्यांना राहवलं नसावं. हॉलमधली मंडळी, माझी साडी, पोह्यांचा वास, सगळं बघून त्यांच्या लक्षात आलं आणि ते मनापासून हसले.

"अरे वा! मला सांगितलं नाहीस!" मग पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "मुलगी सोनं आहे हं. पण एक सांगतो, हिला लांब कुठं नेऊ नका. हिच्याशिवाय आमचं सेंटर एक दिवस चालत नाही."

मामा हसला. मुलाचे वडील हसले. आईसुद्धा हसली, कारण डॉक्टर हसत होते. मुलाची आई हसली नाही. मी काउंटरमागे उभी होते, आणि एकाएकी मला वाटलं की हा काउंटर गळ्यापर्यंत आलाय. सगळे माझ्याबद्दल बोलत होते आणि मी तिथून हलू शकत नव्हते. डॉक्टरांना मी इथं हवी होते, आईला मी मोहोळकडे हवी होते, आणि आत ती पट्टी होती, तिला तर मी कुठंच जायला नको होतं.

त्याच वेळी वीज गेली.

यूपीएसने टीं टीं करायला सुरुवात केली. मी काउंटरच्या खणातून किल्ली घेतली आणि साडी वर धरून मागच्या दाराने पार्किंगमध्ये पळाले. बाहेर ऊन असं की डोळे उघडेनात. जनरेटर एकदा फिरवला, खोकला, बंद पडला. पुन्हा फिरवला. आतून टीं टीं ऐकू येत होतं. तिसऱ्यांदा तो धडधडून चालू झाला आणि काळा धूर अंगावर आला. मी वळले तर मागे तो मुलगा उभा होता. मदतीला आला असावा, पण करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आम्हा दोघांना एकांत मिळाला तो तेवढाच, आणि जनरेटरच्या आवाजात ओरडून बोलावं लागत होतं.

"आमच्याकडं बी भट्टी असती!" तो ओरडला. "बंद करता येत न्हाय!"

"मग घरी कसं जाता?" मी ओरडले.

"रिलीव्हर येतो की! पुडच्या शिफ्टचा मानूस! त्यो आल्याबिगर जाग्यावरनं हलायचं न्हाय, पन त्यो येतोच!" मग त्याने विचारलं, "तुमाला सोडवायला कोण येतं?"

मी म्हटलं, "कोण न्हाय."

त्याला ऐकू गेलं नाही. "काय?"

"कोण न्हाय!" मी जीव खाऊन ओरडले, आणि मलाच माझा आवाज विचित्र वाटला. त्याने नुसती मान हलवली. सरळ, सावळा, साधा मुलगा होता. नखांत काळं तेल. आम्ही आत गेलो.

पट्टी चालू होती. काही गेलं नव्हतं.

डॉक्टर थोड्याच वेळात निघाले. त्यांना दुसरीकडे जायचं होतं. पाहुणेही उठले. मामा त्यांना बस स्टँडपर्यंत सोडायला गेला. आई मात्र गेली नाही. ती डार्करूममध्ये आली, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली आणि पदर खांद्यावरून गुंडाळून घेतला. तिला त्या थंडीची सवय नव्हती. मी तिला माझा स्वेटर दिला. तिने तो साडीवर घातला. बराच वेळ आम्ही दोघी पडद्याकडे बघत बसलो.

"ह्यो पट्टा हलतोय व्हय गं?"

"हलतोय. हळू हलतोय."

"मला तर हललेला दिसंना."

डब्यात पोहे उरले होते. आम्ही दोघींनी त्याच डब्यात हाताने खाल्ले. गार झालेले, शेंगदाणे मऊ पडलेले. खाता खाता आई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "एक इचारू? खरं सांगशील?"

"इचार."

"तू मुद्दाम ह्यो दिस धरलास का? पावन्यांसाटी?"

मी नाही म्हणणार होते. डॉक्टरांनी सांगितलं, जागा संपली, सोमवारी पेशंट आहेत, हे सगळं तोंडाशी होतं. पण सकाळी 'हो' दाबताना माझ्या मनात काय होतं ते मी आठवायला लागले. त्यात घाई होती, भीती होती. पण आत जे सुरू झालंय ते संपेपर्यंत मला कुणी कुठं नेऊ शकत नाही, असा एक बारीकसा दिलासाही होता. मुद्दाम नाही. पण वाईट वाटलं असंही नाही.

"म्हाईत न्हाय, आई," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ती रागावेल. ती उठली, डबा घेऊन बाहेरच्या बेसिनवर गेली, धुवून आली आणि पुन्हा त्याच स्टुलावर बसली. पुन्हा तो विषय तिने काढला नाही.

उन्हं कलायला लागली तेव्हा पट्टी पूर्ण झाली. मग मी स्कॅनच्या भागाची मांडणी नव्या हद्दीपर्यंत वाढवली, तपासणी चालवली आणि सगळ्यात जुन्या स्कॅनपैकी एक उघडून पाहिला. कुणाच्या तरी गुडघ्याचा होता. हळूहळू, एकेक करून, गुडघ्याच्या आडव्या कापांची सगळी चित्रं पडद्यावर आली, स्वच्छ, करडी. मी आणखी चार उघडले. सगळं जागच्या जागी होतं. आईने विचारलं, "कुनाचं पाय हायत हे?" मी म्हटलं, म्हाईत न्हाय. "चांगलं हायत," ती म्हणाली.

मी डॉक्टरांना फोन करून सांगितलं. "झालं ना? मला माहीतच होतं," ते म्हणाले. त्यांनी चांगल्या मनानेच म्हटलं. मी फोन ठेवला आणि काळ्या भिंतीला टेकून उभी राहिले. आनंद व्हायला हवा होता. फक्त थकवा होता, आणि सोमवारी पुन्हा याच दारातून आत यायचं आहे ही जाणीव.

आठवड्याभरात मामा निरोप घेऊन आला. पाहुण्यांना मुलगी पसंत होती. एकच अट, नोकरी सोडायची. आईचा चेहरा उजळला आणि लगेच तिने माझ्याकडे बघून तो सावरला. मी मामाकडे त्या मुलाचा नंबर मागितला. मामा हबकला, पण दिला.

मी घरामागे जाऊन फोन लावला. मागे यंत्रांचा आवाज येत होता. तो कामावर होता. मी सरळ विचारलं, "अट तुमची हाय का आईची?"

मागचा आवाज कमी झाला, तो बाजूला गेला असावा. मग म्हणाला, "आईची हाय. मला वाटत न्हाय तसं. पन घरात माजं चालत न्हाय वो."

"मग तुमाला सोडवायला कोण येतं?" असं मला विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. त्याच्या आवाजात आधीच इतकी शरम होती. मी म्हटलं, "मी न्हाय म्हनते, मग. तुमच्यावर राग न्हाय."

"बरं," तो म्हणाला. आणि पुन्हा, "बरं."

मामा बरेच महिने आमच्याकडे फिरकला नाही. आई बोलत राहिली, पण जेवायला वाढताना माझ्याकडे बघायची नाही. मी सेंटरला जात राहिले. नव्या डिस्क आल्या, बॅकअप पूर्ण झाला, आणि मी एक दिवस डॉक्टरांच्या केबिनमध्ये जाऊन म्हटलं, "सर, मला रिसेप्शनच्या ताईंना सर्व्हरचं काम शिकवायचंय."

"तिला कशाला? तू आहेस ना."

"मी आहे म्हणूनच."

त्यांना ते कळलं नाही. मी समजावून सांगितलं की मी आजारी पडले, मेले, लग्न करून गेले, तर काय? ते म्हणाले, "असं बोलू नये." मग म्हणाले, "बघू." हे 'बघू' मी आधीही ऐकलं होतं. पण या वेळी मी केबिनमधून उठले नाही. तिथंच बसून राहिले. बाहेर पेशंट होते, डॉक्टर अस्वस्थ झाले, शेवटी म्हणाले, "बरं बाई, शिकव."

ताई यंत्रमागवाल्या कुटुंबातल्या. घरी तेलुगू, आमच्याशी मराठी, पेशंटशी जी लागेल ती. त्या आधी हसल्या. "मॅडम, मला माऊस धरायला भ्या वाटतंय," म्हणाल्या. मी एक जुना कॉम्प्युटर काढला, त्यात एक बिनकामाची डिस्क घातली आणि त्यांना म्हटलं, ही मोडा. त्यांनी खरंच मोडली. हद्द आधी ओढली, फाइली नंतर आखडायला गेल्या, सगळं गेलं. त्या रडायच्या बेतात आल्या. मी म्हटलं, आता पुन्हा करा. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघी त्या काळ्या खोलीत बसायचो. ताई मोजमाप तेलुगूत पुटपुटायच्या. हळूहळू त्या मला टोकायला लागल्या. "मॅडम, आधी तपासा की." मला ते आवडायचं आणि थोडं खुपायचंही. त्या खोलीत आजवर मला कुणी टोकलं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा जागा कमी पडली. या वेळी दुसरी डिस्क जोडून स्कॅनचा भाग मोठा करायचा होता, पुन्हा रविवार. ताई म्हणाल्या, "मी बसते. तुम्ही येऊ नका." वॉचमनला त्यांनी जनरेटरसाठी थांबवून घेतलं होतं. मला ते सुचलं नव्हतं.

त्या रविवारी मी घरी होते. सकाळपासून फोन हातात. पाणी भरलं, कपडे धुतले, पुन्हा फोन बघितला. काही नव्हतं. शेवटी मीच लावला.

"चालू आहे, मॅडम," ताई म्हणाल्या. "ठेवा आता."

मी फोन ठेवला आणि उंबऱ्यात बसून राहिले. समोरच्या घरातल्या बायका सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होत्या. कुणाला माझी गरज नव्हती. यासाठी मी वर्षभर धडपडले होते, आणि आता पायांना कळेना की कुठं जायचं. इतके दिवस त्या खोलीतून सुटायचं म्हणत होते, पण सुटून कुठं, हा विचारच केला नव्हता.

आई आतून म्हणाली, "आशी काय बसलीस? जा की कुटंतरी."

"कुटं जाऊ?"

तिने थोडा विचार केला. "वळसंगला मावशीकडं. तिनं कवाचं बोलवलंय."

मला जावंसं वाटत होतं असं नाही. पण मी उठले, चप्पल घातली. फाट्यावर येऊन उभी राहिले तेव्हा मागून आई आली. हातात पिशवी, डोक्यावर पदर. "मी बी येते," म्हणाली. "घरात बसून काय करू?"

अक्कलकोटची एसटी आली, भरलेली. आम्हाला मागच्या दाराशी उभं राहायला जागा मिळाली. कंडक्टर गर्दीतून वाट काढत आमच्यापर्यंत आला, तेव्हा आईने पिशवी माझ्याकडे दिली आणि कनवटीचे पैसे काढत म्हणाली, "दोन वळसंग."